चांबारा (जपानी तलवारपट)

चांबारा : जपानी चित्रपटांतील तलवारबाजीच्या पटांचा प्रकार. ऐतिहासिक काळावरच्या सर्वच नाटक-चित्रपटांना जपानमध्ये ‘जिदाइगेकी’ म्हणतात. त्यांतल्या ज्या कथांचा निकाल तलवारीने लागतो, त्या चांबारा. कथा बहुधा एदो काळात (१६०३–१८६८) घडते. तोकुगावा घराण्याच्या शोगुनांच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या, अमलात देशातल्या लढाया जवळजवळ थांबल्या होत्या, तरी सामुराईच्या कमरेच्या दोन तलवारी कायम होत्या. शोगुनांनी अनेक सरदारांच्या जहागिरी खालसा केल्या आणि त्यांच्या पदरचे हजारो लोक धन्याविना उघड्यावर पडले. अशा बिनधन्याच्या सामुराईला ‘रोनिन’ म्हणत. चांबाराचा नायक बहुतेक वेळा हा रोनिन असतो, नाहीतर त्याहूनही खालच्या पायरीवरचा कोणी जुगारी, आंधळा मालिशवाला किंवा शेतकऱ्याचा पोर. तलवारवाल्यांच्या जगात तो बाहेरचा असतो. या प्रकारातले सर्वोत्तम चित्रपट त्याच्याच नजरेने ते जग पाहतात, आणि त्यांची खरी ताकद तिथेच आहे.

आरंभीच्या मूकपटांतली लढाई काबुकी या पारंपरिक जपानी रंगभूमीवरून आली. क्योतोत शोझो माकिनो यांनी मात्सुनोसुके ओनोए या फिरत्या मंडळीतल्या नटाला घेऊन १९०९ पासून पट काढायला सुरुवात केली. त्यांतले वार नाचाच्या अंगाने, ठरलेल्या मुद्रांमध्ये थांबत थांबत होत. १९१७ मध्ये शोजिरो सावादा यांनी ‘शिन्कोकुगेकी’ ही नाटक मंडळी स्थापन केली आणि रंगमंचावर वेगवान, खरी वाटणारी तलवारबाजी आणली. पडद्याने ती लगेच उचलली. त्सुमासाबुरो बांदो यांचा ‘ओरोची’ (१९२५) हा त्या बदलाचा आजही पाहता येणारा उत्तम दाखला. त्याचा नायक हेइझाबुरो मनाने सरळ आहे. पण एकामागून एक गैरसमज होत जातात, गुरूच्या घरातून त्याची हकालपट्टी होते आणि लोक त्याला गुंड ठरवतात. शेवटी शिपायांची अख्खी झुंड दोर घेऊन त्याच्याभोवती फास आवळत जाते. तो मारून मारून थकतो, पाय लटपटतात, हात मुठीवरून सुटत नाही. त्यापूर्वीच्या वीरांना असे थकताना कोणी पाहिले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्करी प्रशासनाने नोव्हेंबर १९४५ मध्ये चित्रपटांसाठी तेरा निषिद्ध विषय ठरवले. सूड आणि धन्यावरची आंधळी निष्ठा हे त्यांतलेच, त्यामुळे तलवारपटांचा कणाच मोडला. बंदी एप्रिल १९५२ मध्ये परकी अंमल संपेपर्यंत या ना त्या रूपात राहिली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २६ एप्रिल १९५४ रोजी, अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ प्रदर्शित झाला.

२०७ मिनिटांच्या या चित्रपटात दरोडेखोरांनी गांजलेले गावकरी पोटभर भाताच्या मोबदल्यात सात सामुराई गोळा करतात. त्यांतला सातवा, किकुचियो, सामुराई नाहीच. तोशिरो मिफुने यांनी रंगवलेला हा माणूस जन्माने शेतकरी आहे. वंशावळीचा कुठूनतरी मिळवलेला कागद तो ऐटीत दाखवतो, आणि त्यातल्या तारखेनुसार त्याचे वय तेरा निघते तेव्हा सगळे हसतात. पुढे गावात लपवलेली चिलखते आणि शस्त्रे सापडतात. ती पराभूत, पळत्या सामुराईंना मारून गावकऱ्यांनी लुबाडलेली आहेत, हे उघड असल्याने सगळ्यांचे चेहरे काळवंडतात. तिथे किकुचियो उसळतो. शेतकरी कंजूष, लबाड, भित्रे, खुनी आहेत हे तो कबूल करतो आणि लगेच विचारतो की त्यांना असे केले कोणी? गावे जाळणाऱ्या, धान्य लुटणाऱ्या, बायका नासवणाऱ्या सामुराईंनीच! उरलेल्या सहांपैकी एकाकडेही याचे उत्तर नसते. माझ्या मते अख्ख्या चांबारा परंपरेतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे, आणि त्यात तलवार उपसलीही जात नाही. बाहेरचा माणूस असल्याखेरीज हे बोलणे शक्यच नव्हते.

१९६२ हे वर्ष या प्रकारासाठी विलक्षण ठरले. शिंतारो कात्सु यांचा झातोइची, म्हणजे काठीत लपवलेले पाते उलट्या मुठीने चालवणारा आंधळा मालिशवाला, त्याच वर्षी पडद्यावर आला आणि १९७३ पर्यंत त्याचे पंचवीस चित्रपट निघाले. मासाकी कोबायाशी यांचा ‘हाराकिरी’ही त्याच वर्षीचा. साल १६३०, स्थळ एदोमधला (आजचे तोक्यो) ईई या सरदार घराण्याचा वाडा. एक तरुण रोनिन दाराशी येऊन ‘तुमच्या अंगणात सन्मानाने पोट चिरून मरण्याची परवानगी द्या’ म्हणतो. असे म्हटले की काही पैसे देऊन वाटेला लावतात, ही त्याची आशा. वाड्यातले लोक मात्र त्याचे म्हणणे शब्दशः धरतात. आजारी बायको-मुलासाठी त्याने खरी पाती कधीच विकून टाकलेली असतात, म्यानात बांबू असतो. त्या बांबूनेच त्याला पोट फाडायला लावले जाते. नंतर त्याचा सासरा त्याच अंगणात येऊन बसतो आणि घराण्याच्या इभ्रतीचा एकेक पदर सोलून काढतो. तो तलवारीला आटोपत नाही, म्हणून अखेर बंदुका आणल्या जातात. वाड्याच्या रोजनिशीत यातले काहीच नोंदले जात नाही. सासऱ्याच्या भूमिकेतल्या तात्सुया नाकादाई यांच्या संथ, खर्जातल्या आवाजात ही कहाणी ऐकताना ‘सामुराईचा धर्म’ या शब्दांवरचा विश्वास उडतो.

हाच बांबू चित्रीकरणाच्या जागी रोजच्या वापरातला असतो. नट ज्या तलवारीने लढतात ती बहुधा बांबूच्या पात्यावर चांदीसारखा वर्ख चढवलेली, ‘ताकेमित्सु’ असते. जवळून दाखवायची असेल तर हलक्या धातूची घेतात. लढाईच्या आखणीला ‘ताते’ आणि ती बसवणाऱ्याला ‘तातेशी’ म्हणतात. मधोमध नायक, त्याला ‘शिन’ म्हणायचे. भोवतीचे हल्लेखोर ‘कारामि’. प्रेक्षकाला नायकाचा वेग दिसतो, पण तो निर्माण करतात भोवतीचे. कोणी कधी पाऊल टाकायचे, पाते अंगापासून किती अंतरावरून जाऊ द्यायचे, वार ‘बसल्यावर’ किती क्षण ताठ उभे राहून मग कोसळायचे, हे सगळे त्यांच्या हाती असते. दोन वारांमधला थांबा चुकला तर सगळी लढाई खोटी पडते. ‘सेव्हन सामुराई’साठी काटोरी शिंतो-र्यू या जुन्या युद्धकलेच्या घराण्याचे योशिओ सुगिनो मार्गदर्शक होते. त्यातल्या सातांपैकी मितभाषी, अजिंक्य क्युझो पाहून पवित्रा आणि स्थिरता यांचे नाते कळते.

केवळ मरण्याचे काम करणाऱ्या नटांचा क्योतोच्या उझुमासा भागातल्या स्टुडिओंमध्ये एक स्वतंत्र वर्गच आहे. त्यांना ‘किरारेयाकु’ म्हणतात. सेइझो फुकुमोतो (१९४३–२०२१) हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. ‘पन्नास हजार वेळा मारला गेलेला माणूस’ अशी त्यांची ख्याती. वार बसताच ते कमरेतून मागे वाकत, डोके जवळपास जमिनीकडे जाई, आणि मगच देह पडे. २०१४ मध्ये त्यांना पहिल्यांदा चित्रपटाची मुख्य भूमिका मिळाली, तीही एका म्हाताऱ्या किरारेयाकुचीच.

परदेशी पाहुणा ही या कथांतली उशिरा आलेली, पण इतिहासात पाय असलेली कल्पना. गोवा हे मुख्य ठाणे असलेल्या पोर्तुगीज पूर्वेतल्या जेझुइट मोहिमांचे निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो १५७९ मध्ये जपानला पोहोचले. त्यांच्यासोबतचा एक आफ्रिकी माणूस १५८१ मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराच्या पदरी राहिला. त्याला यासुके नाव मिळाले. पुढच्याच वर्षी होन्नो-जी मंदिरात नोबुनागाचा घात झाला तेव्हा तो तिथे होता. १८६८–६९ मध्ये ज्यूल ब्रुने हा फ्रेंच अधिकारी शोगुनाच्या बाजूने थेट उत्तरेतल्या हाकोदातेपर्यंत लढला.

‘द लास्ट सामुराई’ (२००३) या हॉलिवूडपटाने हाच धागा घेतला, मात्र काळ १८७६–७७ चा आणि नायक अमेरिकी. कैदी म्हणून डोंगरातल्या गावात राहिलेला कॅप्टन अल्ग्रेन हळूहळू तिथलाच होतो. चित्रपटाचा बराच भाग न्यूझीलंडच्या तारानाकीत चित्रित झाला. केन वातानाबे यांचे काम अप्रतिम आहे, पण इतिहासाची बाजू लंगडी पडते. पडद्यावरचे बंडखोर बंदुकीला शिवत नाहीत. ज्या १८७७ च्या सात्सुमा बंडावरून कथा बेतली आहे, त्यात बंडाचे नेते साइगो ताकामोरी यांच्या सैन्याकडे रायफली आणि तोफाही होत्या. शिवाय हा पाहुणा सामुराईंना प्रश्नच विचारत नाही, त्यांच्यापुढे नतमस्तक होतो. किकुचियोशेजारी तो म्हणूनच फिका वाटतो. अल्ग्रेनवर पहारा ठेवणारा, जवळजवळ शेवटपर्यंत गप्पच राहणारा वयस्क सामुराई मात्र विसरता येत नाही. ती भूमिका फुकुमोतोंची.

जपानी दूरचित्रवाणीवर १९६९ पासून चाललेली ‘मितो कोमोन’ ही मालिका २०११ मध्ये थांबली आणि उझुमासातली रोजची कामे आटली. अलीकडे वारे थोडे बदलले आहे. इंग्रज खलाशी मध्यभागी असलेल्या ‘शोगुन’ या मालिकेला २०२४ मध्ये अठरा एमी पुरस्कार मिळाले. तिचे मुख्य नट हिरोयुकी सानादा ‘द लास्ट सामुराई’तही होते. त्याच वर्षी जुन्इची यासुदा यांनी अगदी थोडक्या पैशांत काढलेला तलवारपट तोक्योतल्या एका चित्रपटगृहात लागला आणि पाहता पाहता देशभर पोहोचला. त्यात एदो काळाच्या अखेरचा आइझू संस्थानचा एक सामुराई वीज पडून थेट आजच्या क्योतोतल्या स्टुडिओत येऊन पडतो आणि पोटासाठी किरारेयाकु होतो. मार्च २०२५ मध्ये या चित्रपटाला जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला.