क्वीन मॉडचे डोंगर: नक्की कुठले?

अंटार्क्टिकाच्या नकाशावर नॉर्वेच्या मॉड राणीचं नाव दोनदा येतं आणि तिथेच घोटाळा होतो. क्वीन मॉड पर्वतरांग क्वीन मॉड लँड या प्रदेशातच असणार, असं कुणालाही वाटेल. पण लँड आहे अटलांटिकच्या अंगाला, रांग रॉस समुद्राच्या अंगाला आणि दक्षिण ध्रुव दोघांच्या मधे.

रांगेची गोष्ट जास्त रंगतदार. नोव्हेंबर १९११ मध्ये ध्रुवाकडे निघालेल्या नॉर्वेच्या अमुंडसेन या शोधकाला ८५ अंश दक्षिणेजवळ हे डोंगर आडवे आले. अ‍ॅक्सल हायबर्ग हिमनदीवरून तो पठारावर चढला. वर पोचल्यावर ४२ पैकी २४ कुत्री मारली, मांस माणसांनीही खाल्लं आणि त्या तळाला नाव पडलं 'खाटकाचं दुकान'. परतताना माउंट बेटीवर दगड रचून त्यात रॉकेल, काड्यापेट्या आणि एक चिठ्ठी ठेवली. १९२९ मध्ये अमेरिकन शोधक रिचर्ड बर्डच्या मोहिमेतले भूवैज्ञानिक लॉरेन्स गूल्ड तिथे पोचले, तेव्हा सगळं जागच्या जागी होतं!

ही रांग म्हणजे खंडाच्या आरपार गेलेल्या ट्रान्सअंटार्क्टिक पर्वताचा एक तुकडा. पठारावरचा बर्फ तिने धरणाच्या भिंतीसारखा अडवलाय. हिमनद्या खिंडींतून खाली उतरतात.

लँडमध्ये अशी सलग भिंत नाही. किनाऱ्यापासून बरंच आत, बर्फातून वर आलेले सुटे डोंगर आणि सुळके आहेत. त्यातला २९३० मीटरचा उल्वेतान्ना कातळ चढणाऱ्यांच्या खास आवडीचा. १९३८-३९ मध्ये जर्मनांनी 'श्वाबेनलँड' जहाजावरून विमानं उडवून इथले फोटो काढले. त्यातल्याच एका वैमानिकाचं, शिर्माखरचं, नाव ज्या बर्फमुक्त पट्ट्याला आहे, तिथे आपलं 'मैत्री' संशोधन केंद्र आहे. म्हणजे मैत्रीच्या बातमीत डोंगर आले, तर ते लँडचे. स्वार्टहामारेन डोंगराच्या उतारावर तर समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटर आत पेट्रेल पक्ष्यांची प्रचंड वसाहत आहे. पिल्लांच्या घासासाठी ते एवढं अंतर उडून समुद्र गाठतात.

मालकीची गंमत वेगळीच. लँडवर नॉर्वेने १९३९ मध्ये दावा सांगितला. रांग नॉर्वेच्याच माणसाने शोधली, नाव नॉर्वेच्याच राणीचं, पण तिचा बराचसा भाग न्यूझीलंडच्या दाव्यात येतो.