घाटातलं वळण आणि टायरची भिंत

गणपतीला गावी निघण्याआधी बऱ्याच गाड्यांना नवे टायर पडतात आणि त्याच वेळी दुकानात टांगलेली अलॉय म्हणजे मिश्रधातूची चाकंही खुणावतात. पंधरा इंची काढून सोळा-सतरा इंची चाकं बसवली की आंबोलीच्या वळणांवर गाडी रस्ता धरून राहते, असं सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण करामत रिमची नाही. रिम वाढल्यावर टायरची जी उंची घटते, तिची आहे.

टायरवरचा १८५/६५ आर१५ हा आकडा घ्या. रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर, आणि रिम १५ इंची. स्टिअरिंग फिरवलं की रिम लगेच वळते, रस्त्याला टेकलेलं रबर मात्र रेंगाळतं. मधली भिंत आधी पिळली जाते, मग टायर गाडीला बाजूला ढकलू लागतो. चाकाचं तोंड एका दिशेला आणि प्रत्यक्ष जाणं किंचित वेगळ्या दिशेला, या दोहोंमधला कोन म्हणजे स्लिप अँगल. वळताना तो असावाच लागतो, एरवी बाजूचा जोरच तयार होत नाही. भिंत बुटकी आणि टायर रुंद असला की कमी कोनात तेवढाच जोर मिळतो आणि स्टिअरिंग तल्लख वाटतं.

असा टायर असलेल्या गाडीला मापाने १९५/५५ आर१६ही बसतो. भिंत १०७ मिलिमीटर होते, पण एकूण व्यास पहिल्याइतकाच, ६२१ मिलिमीटरच्या आसपास राहतो. त्याऐवजी १९५/६० आर१६ टाकलात तर व्यास ६४० होतो. मग स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८२ च्या पुढे असते.

रुंद टायर रस्त्याला जास्त टेकतो, हा समज मात्र फारसा खरा नाही. हजार किलोच्या गाडीत एका चाकावर अडीचशे किलो येतात. टायरमधल्या हवेचा दाब ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. भागाकार केला तर टेकलेला भाग शंभरेक चौरस सेंटिमीटर, जेमतेम तळहाताएवढा! टायर रुंद केल्याने हे क्षेत्रफळ फार बदलत नाही, आकार बदलतो: आडवा वाढतो, लांबीला कमी होतो.

कोकणात नेमकं हेच नडतं. पावसाळ्यात महामार्गावर पाण्याचा थर साचतो आणि रुंद, आखूड ठशाला तेवढ्याच वेळात जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं होतं. १९६३ मध्ये नासाच्या हॉर्न आणि ड्रेयर यांनी विमानाचा टायर कोणत्या वेगाला तरंगू लागतो याचं एक ढोबळ सूत्र दिलं: पीएसआयमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ९, उत्तर नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). ३३ पीएसआयला ते ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतं, २५ ला ८३. गाडीच्या टायरला ते तंतोतंत लागू नाही, नक्षी, म्हणजे टायरवरच्या खाचा, शाबूत असेल तर बरीच सवलत मिळते. पण हवा कमी ठेवून पावसात निघू नये, एवढं त्यातून नक्की कळतं. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बाद, आणि कोकणच्या पावसात मी तिथवर थांबणार नाही.

म्हणून माझं मत: एक इंच वाढवा, फार तर. २०५/४५ आर१७ मध्ये भिंत ९२ मिलिमीटरच उरते. भाद्रपदातल्या खड्ड्यात तिला फुगा येतो किंवा रिम वाकते. मोठं चाक बहुधा जडही असतं, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर सस्पेन्शनला ते आवरणं कठीण जातं.

भाराचा आकडाही बघा. १८५/६५ आर१५ वर सहसा ८८ असतो, म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. १९५/५५ आर१६ वर ८७, म्हणजे ५४५. चार चाकांत ६० किलोंचा फरक पडतो, आणि चाकरमान्यांची गाडी रिकामी कधी जाते? कंपनीने दिलेल्या आकड्याखाली जाऊ नये.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना आणखी एक काम. खाऱ्या हवेत अलॉयचं ॲल्युमिनियम हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, लोखंडाला टेकून गंजतं, मग चाक हबला इतकं चिकटतं की पंक्चरच्या वेळी निघत नाही. चाकांची अदलाबदल करताना हबचा दर्शनी भाग तारेच्या ब्रशने घासून घ्यावा.