अपूर्ण मालिका आणि वाचकांची प्रतीक्षा : दीर्घ फँटसी कादंबऱ्यांवरील वादांची पार्श्वभूमी

फँटसी वाचणारे एकत्र आले की बोलणे लवकरच दीर्घ मालिकांवर येते आणि त्या बोलण्यातले प्रश्न बहुधा ठरलेले असतात. जी मालिका अजून पूर्ण झालेली नाही, ती वाचायला घ्यावी का? दहा-बारा भागांच्या कथेतले मधले भाग रेंगाळतात, ते सोसावेत की गाळून पुढे जावे? लेखक काम अर्धे टाकून गेला तर ते दुसऱ्याने पुरे करावे का? बाहेरून ऐकणाऱ्याला ही केवळ आवडीनिवडीची भांडणे वाटतात. परंतु कागदाची टंचाई, प्रकाशकांचे करार, लेखकांचे मृत्यू आणि दोन भागांमधली वर्षे यांतूनच हे प्रश्न एकामागून एक उभे राहिले आहेत.

आधुनिक फँटसी मालिकांचा उगम म्हणून सर्वजण ज्या ग्रंथाकडे बोट दाखवतात, तो ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुळात मालिका नव्हताच. १९३७ साली आलेले ‘द हॉबिट’ खपल्यावर प्रकाशकांनी जे. आर. आर. टोल्किन यांच्याकडे आणखी एक तसेच पुस्तक मागितले आणि त्या वर्षाच्या अखेरीस सुरू झालेले लेखन बारा वर्षे लांबून एका प्रचंड, एकसंध कादंबरीत संपले. त्याबरोबरच आपल्या पुराणकथांचा ‘सिल्मरिलियन’ हा संग्रहही छापला जावा, असा टोल्किन यांचा आग्रह होता. त्यासाठी ते दुसऱ्या प्रकाशन संस्थेकडेही गेले, पण तेथे काही जमले नाही आणि १९५२ मध्ये ते ॲलन अँड अन्विन या जुन्या प्रकाशकांकडेच परतले. त्या संस्थेतील रेनर अन्विन यांनी दहा वर्षांचे असताना ‘द हॉबिट’च्या हस्तलिखितावर वडिलांना अभिप्राय लिहून दिला होता. आता तरुण झालेल्या रेनर यांनी हिशेब मांडला की या नव्या पुस्तकात हजार पौंडांचे नुकसान होऊ शकते, आणि तरीही पुस्तक त्या तोडीचे असेल तर नुकसान सोसू, असे वडिलांनी, म्हणजे स्टॅनली अन्विन यांनी कळवले. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये कागद महाग होता. म्हणून ग्रंथाचे तीन खंड पाडून प्रत्येकाची किंमत २१ शिलिंग ठेवण्यात आली आणि खर्च वसूल झाल्यानंतरच्या नफ्यात लेखकाला निम्मा वाटा द्यायचा, असे ठरले.

पहिला खंड २९ जुलै १९५४ रोजी आला, दुसरा त्याच वर्षीच्या ११ नोव्हेंबरला. दुसऱ्या खंडाच्या शेवटी कथेचा नायक फ्रोडो शत्रूच्या हाती सापडलेला आहे, आणि तेथेच पुस्तक संपते. तिसरा खंड मात्र परिशिष्टांच्या कामामुळे २० ऑक्टोबर १९५५ पर्यंत लांबला. म्हणजे अकरा महिने वाचक त्या प्रसंगापाशी खोळंबून राहिले, आणि तेही कथा शेवटापर्यंत लिहून तयार असताना! या गोष्टीला मी फार महत्त्व देतो, कारण फँटसीच्या वाचकाची प्रतीक्षा लेखकाच्या आळसातून सुरू झाली नाही, ती पुस्तक तयार करण्याच्या प्रक्रियेतून सुरू झाली. तीन खंडांचा साचाही याच हिशेबातून आला आणि पुढच्या पिढीतील लेखकांनी तो जणू या प्रकाराचा नियमच असल्यासारखा स्वीकारला.

वाचकांच्या मताचे बळ पहिल्यांदा दिसले ते अमेरिकेत, १९६५ साली. तिथल्या प्रकाशकांनी ब्रिटनमध्ये छापलेले कागद मोठ्या संख्येने आयात केल्यामुळे त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार पुस्तकाचे स्वामित्वहक्क संशयास्पद झाले होते. ही फट हेरून एस बुक्स या प्रकाशन संस्थेने लेखकाला न विचारता ७५ सेंटची कागदी बांधणीची आवृत्ती बाजारात आणली. काही महिन्यांत बॅलन्टाईन बुक्सची अधिकृत आवृत्ती ९५ सेंटला आली, आणि तिच्यावर टोल्किन यांचे निवेदन होते की माझ्या संमतीने निघालेली आवृत्ती हीच असून हयात लेखकांशी सौजन्याने वागावे असे ज्यांना वाटते त्यांनी हीच घ्यावी. अमेरिकी वाचकांच्या पत्रांना उत्तरे देतानाही ते हा मजकूर जोडत. वीस सेंट जास्त मोजायचे की नाही, हा प्रश्न अशा रीतीने वाचकाच्या निष्ठेचा झाला. वाचकांमधली नाराजी वाढत गेली तसे एस बुक्सला लेखकाला मानधन देणे आणि पुढे ती आवृत्ती न छापणे मान्य करावे लागले. मालिकेच्या भवितव्याबद्दल आपल्याला काही म्हणण्याचा अधिकार आहे, ही फँटसीच्या वाचकांची धारणा याच काळात घट्ट झाली असावी.

त्यानंतरचा टप्पा १९७७ चा. त्या वर्षी टेरी ब्रूक्स यांचे ‘द स्वोर्ड ऑफ शनारा’ आले आणि टोल्किन यांच्या वळणावर लिहिलेली जाडजूड कादंबरी खपाच्या याद्यांत पोचू शकते, हे सिद्ध झाले. जुन्या फँटसीचे जाणकार आणि संपादक लिन कार्टर यांनी तिच्यावर अनुकरणाचा कठोर आरोप केला. त्याच वर्षी स्टीव्हन डोनाल्डसन यांच्या थॉमस कॉव्हेनंट मालिकेचे पहिले पुस्तकही आले, आणि टोल्किन यांच्या निधनानंतर चार वर्षांनी पुत्र ख्रिस्तोफर यांनी संपादित केलेले ‘सिल्मरिलियन’ही. प्रकाशकांनी यातून घ्यायचा तो बोध घेतला, आणि पुढची दहा-बारा वर्षे त्रिखंडी कादंबऱ्यांचा पूर आला.

‘द व्हील ऑफ टाईम’ या मालिकेने त्रिखंडाचा बांध फोडला. साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटनचे रॉबर्ट जॉर्डन (मूळ नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी) यांनी टॉर प्रकाशनाशी सहा पुस्तकांचा करार केला आणि जानेवारी १९९० मध्ये ‘द आय ऑफ द वर्ल्ड’ आले. पहिली काही पुस्तके साधारण वर्षाला एक या गतीने येत राहिली. सहा भागांत कथा संपेना, आणि ती न संपण्याबद्दल आरंभी कोणाची तक्रारही नव्हती. इंटरनेटच्या आरंभकाळात, युजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावर, या मालिकेसाठी स्वतंत्र चर्चागट निघाला. १९९३ च्या ‘द फायर्स ऑफ हेवन’मध्ये अस्मोडियन नावाच्या पात्राचा खून होतो आणि खुनी कोण हे सांगितलेले नाही. या एका प्रश्नावर वाचकांनी संशयितांची यादी, हेतू, संधी, शब्दाशब्दांचे पुरावे असा जो खल केला, तो चांगल्या वकिलाला शोभावा असा होता. उत्तर मिळाले २०१० मध्ये, तेही तेराव्या खंडाच्या शेवटच्या शब्दसूचीत.

पण नव्वदीच्या शेवटापासून सूर बदलला. आठव्या खंडापासून दोन पुस्तकांमधले अंतर वाढले, पात्रांची संख्या फुगली, आणि दहावा खंड ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’ जानेवारी २००३ मध्ये आला तेव्हा नाराजी टोकाला गेली. नवव्या खंडाचा शेवट अतिशय जोरकस होता. वाचकांनी पुढे काय होते हे जाणण्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली, आणि दहाव्या खंडाचा मोठा भाग त्याच घटनेच्या दिवशी इतर पात्रे कोठे काय करत होती हे सांगण्यात गेला. आठ ते दहा या खंडांचा पट्टा तेव्हापासून वाचकांत ‘स्लॉग’ (म्हणजे कष्टाने रेटायची वाट) या नावाने ओळखला जातो. काही जण त्यात सातवा भागही धरतात.

या पट्ट्याविषयीच्या मतांत एक स्पष्ट विभागणी आढळते, आणि ती रसिकतेची नाही. ज्यांनी ही पुस्तके निघाली तशी वाचली, त्यांची मते कडवट आहेत. ज्यांनी मालिका पूर्ण झाल्यावर, म्हणजे २०१३ नंतर, सर्व खंड सलग वाचले, त्यांच्यापैकी अनेकांना हा भाग थोडा संथ वाटतो, इतकेच. पुस्तक तेच, शब्द तेच, पण एकाने त्यासाठी दोन वर्षे मोजली आणि दुसऱ्याने एक रात्र. माझ्या मते दीर्घ मालिकेवरील कोणतेही मत ऐकताना पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे, की तुम्ही ती केव्हा आणि कोणत्या गतीने वाचलीत. म्हणून मी जुन्या वाचकांची कडवट मते खोडून काढणार नाही. प्रतीक्षा हा त्यांच्या वाचनाचाच भाग होता, आणि सलग वाचणाऱ्याच्या वाट्याला ती आलीच नाही.

जॉर्डन यांनी २००६ मध्ये आपल्याला अमायलॉइडोसिस हा दुर्धर विकार झाल्याचे जाहीर केले, आणि १६ सप्टेंबर २००७ रोजी ते वारले. शेवटच्या खंडासाठी त्यांनी टिपणे, ध्वनिमुद्रित सूचना आणि अखेरच्या प्रसंगाचा मजकूर मागे ठेवला होता. त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांच्या वाचनात ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाने लिहिलेला श्रद्धांजलीपर मजकूर आला, त्याची एक कादंबरी त्यांनी वाचली आणि काम त्याच्यावर सोपवले. सँडरसन स्वतः पौगंडवयापासून या मालिकेचा वाचक होता. एका पुस्तकाचा आराखडा तीन पुस्तकांवर गेला, आणि जानेवारी २०१३ मध्ये चौदाव्या खंडाने मालिका पूर्ण झाली. मॅट हे पात्र सँडरसनच्या हाती, विशेषतः त्याच्या तीनपैकी पहिल्या पुस्तकात, वेगळेच बोलू लागले, ही वाचकांची टीका त्याने स्वतः मान्य केली. कथेची गती मात्र परत आली, असे कबूल करणारे टीकाकारही पुष्कळ आहेत.

एकाने आरंभलेली दीर्घ अद्भुतकथा दुसऱ्याने पुरी करणे हे आपल्या देशातील वाचकाला नवे नाही. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून काढलेल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या उर्दू दास्तानचे पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे आणि पुढचे अहमद हुसेन कमर यांचे आहेत, आणि दोघांत सरस कोण हा वाद उर्दू रसिकांत आजही मिटलेला नाही. देवकीनंदन खत्री १९१३ मध्ये गेले तेव्हा त्यांची ‘भूतनाथ’ ही हिंदी मालिका अर्धवट होती. ती त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पूर्ण केली. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’च्या भाषांतराला पुढे विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांचे हात लागले. पुढे मराठीत मालिका उदंड झाल्या, परंतु बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार असो, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे असो की नारायण धारपांचे समर्थ, त्यांतील प्रत्येक पुस्तक बहुधा स्वतंत्रपणे वाचता येते. एकच कथा वर्षानुवर्षे अडवून धरणारी मालिका मराठी वाचकाला भेटली ती बहुतांशी इंग्रजीतूनच.

तशी सर्वांत गाजलेली मालिका अर्थातच जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’. तिची पहिली तीन पुस्तके १९९६ ते २००० या काळात आली. चौथे पुस्तक हाताबाहेर गेल्याने मार्टिन यांनी ते कालक्रमाने न तोडता प्रदेश आणि पात्रांनुसार विभागले; त्यातील अर्धा भाग २००५ मध्ये काढला आणि उरलेला पुढच्या वर्षी येईल, अशी आशा पुस्तकाच्या शेवटी व्यक्त केली. तो आला २०११ मध्ये. मधल्या काळात वाचकांचा संताप इतका वाढला की २००९ मध्ये एका वाचकाने फँटसी लेखक नील गेमन यांना विचारले, मार्टिन यांनी आम्हाला वाऱ्यावर सोडले असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार आहे की नाही? गेमन यांच्या उत्तराचा आशय असा होता की पहिले पुस्तक विकत घेतल्याने पुढच्या पुस्तकांचा करार होत नाही आणि लेखक वाचकाचा ताबेदार नसतो. या उत्तराचा आधार आजही प्रत्येक वादात घेतला जातो. मला ते अर्धेच पटते. लेखकाच्या दिवसांवर वाचकाचा हक्क नाही, हे खरे आहे; पण ज्या पुस्तकावर ‘खंड पहिला’ असे छापून ते विकले जाते, ते काहीतरी सांगूनच विकलेले असते, आणि त्यावर विसंबलेल्या वाचकाच्या निराशेला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे.

मार्टिन यांच्या पुस्तकांवरून २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेने या वादाला आणखी एक वळण दिले. सहावे पुस्तक ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाले नसल्याचे मार्टिन यांनी जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केले. त्या वर्षीच्या सहाव्या पर्वात पडद्यावरची कथा पुस्तकांच्या पुढे गेली आणि २०१९ मध्ये संपलीही. पॅट्रिक रॉथफस यांच्या ‘किंगकिलर क्रॉनिकल’ मालिकेच्या २००७ आणि २०११ मध्ये आलेल्या दोन खंडांनंतरचा तिसराही अद्याप आलेला नाही. याउलट कॅनडाचे स्टीव्हन एरिक्सन यांनी ‘मलाझन’ मालिकेचे दहा जाडजूड खंड १९९९ ते २०११ या बारा वर्षांत पूर्ण केले, आणि तिच्या चाहत्यांच्या बोलण्यात या वक्तशीरपणाचा उल्लेख कथेच्या गुणांइतकाच आवर्जून येतो.

या सगळ्यातून वाचकांचा एक मोठा वर्ग असा तयार झाला आहे की जो मालिका संपल्याशिवाय पहिले पुस्तक विकतच घेत नाही. त्यांची सावधगिरी समजण्यासारखी आहे, तिचा फटका मात्र ज्यांनी कोणालाही ताटकळत ठेवलेले नाही अशा नव्या लेखकांना बसतो, कारण पहिल्या दोन भागांचा खप पाहूनच प्रकाशक पुढच्या भागांचा निर्णय घेतात, आणि खप नसेल तर मालिका मध्येच बंद पडते. सँडरसन आपल्या संकेतस्थळावर चालू पुस्तकांचे काम किती टक्के झाले आहे, हे उघडपणे मांडतो. त्याच्या नियोजित दहा खंडांच्या ‘स्टॉर्मलाइट आर्काइव्ह’चा पाचवा खंड डिसेंबर २०२४ मध्ये आला आणि त्याबरोबर कथेचा पहिला अर्धा भाग पूर्ण झाला. ती आता वाचायला घ्यावी की आणखी पाच खंडांची वाट पाहावी, यावर वाचकांत पुन्हा दोन तट पडले आहेत.