शेफिल्ड फुटबॉल क्लब : जगातील सर्वांत जुना क्लब खालच्या लीगमध्ये का खेळतो

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० सालची आहे. एवढी जुनी संस्था ज्या गावात आहे, तिथल्या माणसाला संस्था टिकते म्हणजे काय होते हे ठाऊक असते. सभासदांच्या पिढ्या बदलतात, वर्गणीचे आकडे बदलतात, पण वार्षिक सभा आणि इतिवृत्ताची वही मात्र चालू राहते. इंग्लंडमधील शेफिल्ड फुटबॉल क्लब आपल्या वाचनालयापेक्षा सतरा वर्षांनी लहान आहे, तरीही आज चालू असलेला त्याच्याहून जुना फुटबॉल क्लब जगात नाही, आणि फिफानेही हे मान्य केलेले आहे. एडिंबरोमध्ये १८२४ साली ‘फुट-बॉल क्लब’ या नावाने काही मंडळी खेळत होती, परंतु तो क्लब १८४१ मध्ये बंद पडला. नॉटिंगहॅमचा नॉट्स काउंटी हा १८६२ चा क्लब व्यावसायिक क्लबांमध्ये सर्वांत जुना ठरतो, आणि शेफिल्ड व नॉट्स काउंटी या दोघांत वाचकांची अनेकदा गल्लत होते.

शेफिल्ड फुटबॉल क्लबची स्थापना २४ ऑक्टोबर १८५७ रोजी झाली. आपल्याकडे तो उठावाचा काळ होता. त्याच महिन्याच्या चार तारखेला सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे येथे भागोजी नाईक यांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री हा इंग्रज पोलीस अधिकारी मारला गेला होता. तिकडे शेफिल्डमध्ये नॅथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट या दोन क्रिकेट खेळणाऱ्या तरुणांपुढचा प्रश्न अगदी साधा होता. क्रिकेटचा हंगाम संपल्यावर हिवाळाभर अंगातली चपळाई टिकवायची कशी? क्रेसविक पेशाने वकील होते आणि त्यांचे घराणे चांदीचा मुलामा दिलेल्या भांड्यांच्या धंद्यातले होते. सराफ बाजार असलेल्या आपल्या गावाला हे घराणे परके वाटायचे कारण नाही. प्रेस्ट मद्याचे व्यापारी होते. क्लबचे पहिले कार्यालय म्हणजे एका सभासदाच्या वडिलांच्या बागेतले काचेचे रोपघर, आणि पहिले मैदान म्हणजे त्यालगतचे शेत. खेळायला दुसरा क्लबच नसल्यामुळे सभासद आपापसातच दोन बाजू पाडत आणि कधी विवाहित विरुद्ध अविवाहित असे सामने लावत.

क्लबचे खरे काम पुढच्या वर्षी झाले. त्या काळी इंग्लंडमधील प्रत्येक मोठ्या शाळेचा फुटबॉल वेगळा होता. कुठे चेंडू हातात घेऊन पळत, कुठे प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणेही खेळाचाच भाग मानत. शेफिल्डच्या सभासदांनी ऑक्टोबर १८५८ मध्ये आपली नियमावली ठरवली आणि १८५९ मध्ये ती छापली. तीत लाथा मारण्यास व पाय घालून पाडण्यास बंदी होती, हाताने ढकलण्यास मात्र परवानगी होती, आणि हवेतला चेंडू नीट झेलणाऱ्यास फ्री किक, म्हणजे कोणी न अडवता चेंडू मारण्याची संधी, मिळत असे. प्रत्येक खेळाडूने एक लाल आणि एक गडद निळी अशी फलालीची टोपी स्वतः आणावी, म्हणजे दोन्ही बाजू ओळखू येतील, असेही एक कलम होते. मला हे कलम सगळ्यांत बोलके वाटते. क्लबकडे कपडे पुरवण्याइतका पैसा नव्हता आणि संघही कायमचे ठरलेले नव्हते, हे त्या एका ओळीतून कळते.

हे नियम क्लबच्या कुंपणाबाहेर गेले, कारण शेजारी प्रतिस्पर्धी उभे राहिले. त्यातला पहिला होता १८६० मध्ये स्थापन झालेला हॅलम. २६ डिसेंबर १८६० रोजी सँडीगेट येथील हॅलमच्या मैदानावर दोघांचा सामना झाला आणि शेफिल्डने तो २-० असा जिंकला. दोन क्लबांमधला फुटबॉलचा पहिला सामना म्हणून त्याची नोंद आहे. दोन वर्षांनी, २९ डिसेंबर १८६२ रोजी, हेच दोन संघ ब्रॅमल लेन या क्रिकेटच्या मैदानावर उतरले. सामना गोलविना सुटला आणि मध्ये हातघाईही झाली, पण आपल्या वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट निराळी आहे. हा सामना लँकशायरच्या गिरणी कामगारांच्या मदतनिधीसाठी होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला, लँकशायरच्या गिरण्या बंद पडल्या, आणि त्याच टंचाईमुळे मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव चढून खानदेशातल्या कापसाला पूर्वी कधी न मिळालेली मागणी आली. तिथे ज्या टंचाईने चुली विझल्या, तिनेच इकडच्या व्यापाऱ्याच्या हाती पैसा खेळवला.

लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन (एफए) १८६३ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी शेफिल्ड क्लब तिचा सभासद झाला, तरी आपले नियम त्याने सोडले नाहीत. ३१ मार्च १८६६ रोजी बॅटरसी पार्कमध्ये लंडन विरुद्ध शेफिल्ड असा सामना लंडनच्या नियमांनी झाला आणि शेफिल्ड हरले. मैदानावर हरलेल्या या शहराने कागदावर मात्र बरेच जिंकले. १८६८ पासून शेफिल्डमध्ये कॉर्नर किक घेतली जात होती. लंडनने ती १८७२ मध्ये स्वीकारली. अखेर १८७७ मध्ये दोन्ही नियमावल्या एक झाल्या आणि शेफिल्डचे स्वतंत्र नियम संपले. नाशिकच्या कुठल्याही मैदानावर संध्याकाळी मुले कोपऱ्यात चेंडू ठेवून किक मारतात, तेव्हा ती शेफिल्डच्या या नियमानेच खेळत असतात.

इथून पुढे क्लबची वाट इतरांपासून फुटली. जुलै १८८५ मध्ये असोसिएशनने खेळाडूंना पैसे देण्यास मान्यता दिली. शेफिल्डमधलाच वेन्सडे क्लब १८८७ मध्ये व्यावसायिक झाला आणि १८८९ मध्ये शेफिल्ड युनायटेड उभा राहिला. शहराचे प्रेक्षक, पैसा आणि चांगले खेळाडू त्या दोघांकडे गेले. शेफिल्ड फुटबॉल क्लबने हौशीच राहायचे ठरवले. या निर्णयाला कोणी हटवादीपणा म्हणेल, पण मला तो तसा वाटत नाही. क्लब सभासदांच्या खेळण्यासाठी काढलेला होता, प्रेक्षकांसाठी नव्हे, आणि तो हेतू त्यांनी बदलला नाही. हौशी संघांसाठी वेगळी राष्ट्रीय स्पर्धा असावी असा आग्रह या क्लबनेही धरला होता. ती एफए अमॅच्युअर कप म्हणून १८९३-९४ च्या हंगामात सुरू झाली आणि १९०४ मध्ये ब्रॅडफर्ड येथील अंतिम सामन्यात इलिंगचा ३-१ असा पराभव करून शेफिल्डने ती जिंकली. दीडशेहून अधिक वर्षांत क्लबने जिंकलेला मोठा राष्ट्रीय चषक हा एवढाच. १९७७ मध्ये खालच्या लीगमधील क्लबांसाठी असलेल्या एफए वाझ या स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी संघ वेम्बलीवर पोहोचला, बिलेरिकी टाउनशी १-१ अशी बरोबरी झाली आणि फेरसामन्यात तो २-१ असा हरला. पुढे २००७ मध्ये नॉर्दर्न काउंटीज ईस्ट लीगमधून बढती मिळून क्लब नॉर्दर्न प्रीमियर लीगच्या खालच्या विभागात, म्हणजे इंग्लंडच्या आठव्या पातळीवर आला.

हौशी राहण्याची खरी किंमत मात्र लीगच्या पातळीत मोजता येत नाही, ती मैदानात मोजावी लागते. पैसे घेऊन खेळ दाखवणाऱ्या क्लबांनी स्वतःची मैदाने उभारली. या क्लबाला पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या मैदानावर खेळावे लागले. कित्येक दशके तो ॲबीडेल पार्कमध्ये होता, नंतर कुत्र्यांच्या शर्यतींच्या आउलर्टन स्टेडियममध्ये, मग ॲथलेटिक्ससाठी बांधलेल्या डॉन व्हॅली स्टेडियममध्ये. २००१ मध्ये त्याला मुक्काम मिळाला तो शेफिल्डच्या दक्षिणेला, शेजारच्या डर्बीशायर परगण्यातील ड्रॉनफील्ड गावात, ‘कोच अँड हॉर्सेस’ या पबच्या मागे. ज्या शहराचे नाव क्लब लावतो, त्या शहरात त्याचे मैदान नाही. आपल्याकडे महापालिकेच्या मैदानावर वेळ मागून सराव करणाऱ्या मंडळांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही.

मान मात्र मिळत राहिला. फिफाने २००४ मध्ये आपल्या शताब्दीनिमित्त ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान ज्या दोनच क्लबांना दिला, त्यांतला एक रिअल माद्रिद आणि दुसरा शेफिल्ड. दीडशेव्या वर्षी, नोव्हेंबर २००७ मध्ये, ब्रॅमल लेनवर इंटर मिलानशी सामना झाला, पेले स्वतः उपस्थित होते, आणि शेफिल्ड ५-२ असे हरले. पण सन्मानातून मैदान उभे राहत नाही. म्हणून जुलै २०११ मध्ये क्लबने आपले जुने दप्तर लिलावात काढले. त्यात १८५८ च्या नियमांचा हस्तलिखित मसुदा होता आणि १८५९ च्या छापील नियमावलीची उपलब्ध असलेली एकमेव प्रत होती. सोदबीजच्या लिलावात त्याला ८,८१,२५० पौंड मिळाले. जुन्या संस्थेची वही विकली जाणे ही गोष्ट मला मनापासून लागते, आणि तरीही कार्यकारिणीला दोष देता येत नाही, कारण खेळणाऱ्या क्लबाला आधी खेळायला जागा लागते.

हॅलम क्लब शेफिल्डहून तीन वर्षांनी लहान. १८६० च्या त्या सामन्यात तो हरला होता, पण आजही तो सँडीगेटच्या त्याच मैदानावर खेळतो.