जॉब (कुबरनेटिस)

कंटेनरमधले (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सारे एकत्र बांधलेल्या पाकिटातले) काम सुरू करून ते तडीस जाईपर्यंत त्याच्यामागे राहणारी कुबरनेटिस प्रणालीतील व्यवस्था. अनेक संगणकांवर कंटेनर चालवणारी ही प्रणाली गूगलने २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. संकेतस्थळ चालवणारा कंटेनर थांबला तर तो बिघाड. जॉबमधला कंटेनर मात्र थांबण्यासाठीच सुरू होतो. प्रोग्रॅम शून्य हा संकेत देऊन बाहेर पडला की काम यशस्वी धरतात.

सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या साखर कारखान्याचे ऊसबिल घ्या. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. काट्यावरच्या पावत्या जोडायच्या, सोसायटीची वसुली वजा करायची, खातेवार बिल काढायचे. मग पुढच्या पंधरवड्यापर्यंत हा प्रोग्रॅम लागत नाही. कारखान्याचे ८ गट असतील तर ‘कम्प्लिशन्स’ ८ आणि, समजा, ‘पॅरललिझम’ ३ ठेवतात. ऊसतोडीच्या भाषेत पहिला आकडा फड किती ते सांगतो, दुसरा एका वेळी टोळ्या किती ते. ‘इंडेक्स्ड’ प्रकारात प्रत्येक पॉडला (ज्यात कंटेनर चालतो त्या सर्वांत लहान घटकाला) ० ते ७ पैकी एक क्रमांक मिळतो. त्यावरून आपला गट कोणता हे प्रोग्रॅमला कळते.

पॉड पडला तर नवा उभा राहतो: आधी १० सेकंदांनी, मग २०, मग ४०, असे अंतर वाढत ६ मिनिटांपर्यंत जाते. किती अपयशे सोसायची ते ‘बॅकऑफलिमिट’ ठरवते. वेगळे काही सांगितले नाही तर ६. त्यापुढे जॉब अपयशी ठरतो.

सर्वांत जपण्याची गोष्ट इथेच आहे. काम पूर्ण होईल याची काळजी जॉब घेतो, ते एकदाच होईल याची हमी देत नाही. ‘कम्प्लिशन्स’ आणि ‘पॅरललिझम’ दोन्ही १ ठेवले तरी तोच प्रोग्रॅम क्वचित दोनदा सुरू होऊ शकतो. बिले बँकेकडे गेली आणि शेवटची नोंद होण्याआधीच पॉड पडला, तर नवा पॉड पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार. शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम दुबार पडली तर ती पुढच्या बिलातून कापावी लागते, आणि ज्याची काहीच चूक नाही त्याला हेलपाटे पडतात. म्हणून हंगाम, पंधरवडा आणि खाते क्रमांक मिळून एकच नोंद राहील अशी अट डेटाबेसमध्येच घालावी, आणि बँकेकडे पाठवतानाही या तिन्हींचा मिळून होणारा क्रमांक सोबत द्यावा. ही अट प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच घालायची असते. कुबरनेटिस ती घालून देत नाही.

ठरलेल्या वेळी जॉब सुरू करणारा ‘क्रॉनजॉब’ २०२१ मध्ये १.२१ आवृत्तीत स्थिर झाला. आधीचा जॉब संपला नसेल तर ‘फॉरबिड’ हा पर्याय नवा सुरू होऊ देत नाही. ‘टाइमझोन’मध्ये एशिया/कोलकाता लिहायला विसरू नये: क्लस्टरचे (कुबरनेटिस चालवणाऱ्या संगणकांच्या समूहाचे) घड्याळ यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) असेल, तर रात्री १ वाजता लावलेले बिल आपल्याकडे सकाळी साडेसहाला सुरू होते.