१९३७ साली बँक काढायची तर कोणते कागद लागत?

घरात जुन्या बँकेचा शेअर दाखला सापडला की पहिला प्रश्न येतो, हिला सरकारी परवाना होता का? इंग्रजी अमलातल्या हिंदुस्थानात बँकेला वेगळा परवानाच नव्हता. कायद्याच्या लेखी बँक म्हणजे कंपनी, आणि तिला १९१३ चा कंपनी कायदा लागू. संस्थानांत कायदे वेगळे: बँक ऑफ बडोदा १९०८ साली बडोदा संस्थानच्या कायद्याखाली नोंदली गेली.

दहापेक्षा जास्त जणांनी मिळून बँकिंगचा धंदा करायचा तर नोंदणी सक्तीची होती. दहापर्यंतच्या भागीदारीला ही सक्ती नव्हती, त्यामुळे सावकार-सराफांच्या पेढ्या या कायद्याच्या बाहेर राहिल्या. पब्लिक कंपनीला किमान सात सभासद लागत. मेमोरँडम (कंपनीचं नाव, उद्देश, भांडवल सांगणारा कागद) आणि आर्टिकल्स (अंतर्गत कारभाराचे नियम) जॉइंट स्टॉक कंपन्यांच्या, म्हणजे शेअर काढणाऱ्या कंपन्यांच्या, रजिस्ट्रारकडे द्यायचे, फी भरायची, की नोंदणीचा दाखला मिळे. चालक लायक आहेत की नाहीत, हे पाहणं रजिस्ट्रारचं कामच नव्हतं. माझ्या मते सगळी गोम इथेच होती.

१९३६ च्या दुरुस्तीने थोडा लगाम घातला. ती १९३७ पासून लागू झाली. चेकने काढता येणाऱ्या ठेवी घेणं हा ज्या कंपनीचा मुख्य धंदा, ती बँकिंग कंपनी ठरली. शेअर विकून किमान ५०,००० रुपये खेळतं भांडवल जमल्याशिवाय तिला धंदा सुरू करता येईना, आणि रक्कम जमल्याचं संचालक व मॅनेजर यांच्या सहीचं प्रतिज्ञापत्र रजिस्ट्रारकडे द्यावं लागे. मागणी देण्यांच्या (मागताक्षणी परत करायच्या ठेवी वगैरेंच्या) ५ टक्के व मुदती देण्यांच्या (ठरल्या मुदतीनंतर परत करायच्या रकमांच्या) दीड टक्का रोकड राखायची. मॅनेजिंग एजंट, म्हणजे कराराने कंपनीचा कारभार चालवणारी बाहेरची पेढी, नेमायला बंदी.

रिझर्व्ह बँकेच्या यादीत, म्हणजे शेड्यूल्ड, व्हायचं तर भांडवल व राखीव निधी मिळून ५ लाख हवे. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र १९३५ साली १० लाखांच्या अधिकृत भांडवलावर (म्हणजे शेअरने उभारता येईल अशा कमाल रकमेवर) नोंदली गेली, पण शेड्यूल्ड झाली १९४४ साली. १९४६ च्या कायद्याने नव्या शाखेलाही रिझर्व्ह बँकेची परवानगी लागू लागली.

परवाना आला तो स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या बँकिंग कंपन्या कायद्याच्या कलम २२ ने. चालू बँकांना अर्जासाठी सहा महिने दिले होते. म्हणून त्याआधीच्या दाखल्यावर परवाना क्रमांक शोधू नका, नोंदणीची तारीख आणि ठिकाण पाहा.