कागदाचं वजन आणि जाडी: एका जुन्या गोंधळाचं मूळ

कागद घेताना आपण ‘किती जीएसएम?’ म्हणजे ‘एका चौरस मीटरला किती ग्रॅम?’ असं विचारतो. विचारलेलं असतं वजन, मनात असते जाडी.

हातकागदाच्या काळात युरोपातल्या गिरण्या चिंध्या तोलून घेत आणि कागद रिमाच्या वजनावर विकत. रीम म्हणजे २४ तावांचे २० दस्ते, ४८० ताव. पुढे ५०० तावांची रीम रूढ झाली. तराजू सगळ्यांकडे होता. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी जाडी मोजणं सोपं नव्हतं. म्हणून ‘भारी’ आणि ‘हलका’ हीच कागदाची ओळख ठरली.

अडचण अशी की तावाचा आकार बदलला की रिमाचं वजनही बदलतं. अमेरिकेत ही पद्धत अजून चालते आणि नवख्याला हमखास फसवते. तिथे पुस्तकी कागदाचा मूळ ताव २५ × ३८ इंचांचा, मुखपृष्ठाच्या कागदाचा २० × २६ इंचांचा. त्यामुळे ‘८० पौंड’ हा एकच आकडा पुस्तकी कागदाला सुमारे ११८ जीएसएम होतो, तर मुखपृष्ठाच्या कागदाला सुमारे २१६.

जीएसएमनं हा घोळ मिटवला, कारण त्यात क्षेत्रफळ ठरलेलं असतं: एक चौरस मीटर. तावांचे आकारही पुढे याच चौरस मीटरला जोडले गेले. त्यातलं लांबी-रुंदीचं √२ हे प्रमाण जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लिख्टेनबर्ग यांनी १७८६ मधल्या पत्रात मांडलं होतं. १९२२ मध्ये जर्मन अभियंते वाल्टर पोर्स्टमान यांच्या कामातून कागदाच्या आकारांचं जर्मन मानक आलं, १९७५ मध्ये ते आंतरराष्ट्रीय झालं. ए-० ताव एक चौरस मीटरचा, त्यातून ए-४ चे १६ कागद निघतात. म्हणून ८० जीएसएमचा ए-४ कागद बरोबर ५ ग्रॅमचा. मला ही मांडणी फार देखणी वाटते.

पण जाडीचा प्रश्न तिनंही सोडवला नाही. रुळांखाली दाबलेला गुळगुळीत आर्ट पेपर त्याच वजनाच्या खरखरीत कागदापेक्षा बराच पातळ असतो. म्हणून जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) वेगळी विचारावी, निदान पुस्तकासाठी तरी. ८० जीएसएमचा साधा कागद साधारण १०० मायक्रॉनचा. त्याच वजनाचा फुगीर पुस्तकी कागद १३० पर्यंत जातो. ३०० पानांच्या पुस्तकात १५० कागद, म्हणजे पाठ एकदा १५ मिलिमीटरची, एकदा साडेएकोणीसची. मुखपृष्ठ आखायच्या आधीच हा हिशेब करावा लागतो.